नेहमीचा टेम्पोवाला की मोबाइलवरची गाडी?



मुरबाड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरची एक एकर भेंडी आहे, कडेला गवार आणि काकडी. दिवसाआड तोडा होतो. माल संध्याकाळी भरून ठेवायचा, रात्री गावातून निघणारा टेम्पो तो उचलतो आणि पहाटे कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात टाकतो. वीसेक वर्षे असेच चालले आहे. आता थोरला मुलगा म्हणतो की मोबाइलवर गाडी बोलवू, भाडे आधीच कळते, गाडी कुठे आहे तेही दिसते, आणि माल बाजारात न टाकता डोंबिवलीच्या सोसायट्यांत थेट विकू. सासरे म्हणतात की वर्षानुवर्षे अडीनडीला धावून आलेल्या माणसाला दुखवू नका. एकदा त्याने आपल्या दारात थांबणे सोडले, तर ऐन तोड्याच्या दिवशी माल डोक्यावर घेऊन जाणार काय? घरात रोज या गोष्टीवरून शब्दाला शब्द वाढतो आहे, तुम्ही काय ते सांगा, असे बाईंनी लिहिले आहे.

वाद नवा दिसला तरी त्याचे मूळ जुने आहे, आणि तेही आपल्याच मुलखातले. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर. देशावरचा माल जुन्नरहून नाणेघाट उतरून बैलांच्या पाठीवर कल्याणला यायचा आणि तिथून गलबतांत चढायचा. नाणेघाटाच्या माथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे लोक सांगतात. आता विचार करा, जुन्नरच्या व्यापाऱ्याने स्वतः बैलांमागे चालत यावे काय? वाटेत चौक्या, जकाती, नदीचे उतार, चोराचिलटांचे भय. म्हणून मधे एक माणूस उभा राहिला. मराठीत त्याला हुंडेकरी म्हणत. आडनाव म्हणून तो शब्द अजून आपल्याकडे आहे. हुंडेकरी सांगायचा की एवढी रक्कम मला द्या. बैलांचे भाडे, वाटेच्या जकाती, सारे त्यात आले, माल पोचवण्याची जबाबदारी माझी. त्याला हुंडाभाडे म्हणत. व्यापाऱ्याला एकच आकडा कळायचा आणि एकच माणूस धरायला मिळायचा.

आज भिवंडीत किंवा कल्याणात बसलेला ट्रान्सपोर्ट एजंट हा त्या हुंडेकऱ्याचाच वारस आहे. आणि मोबाइलवरचे गाडीचे ॲप म्हणजे त्याच गादीवर बसू पाहणारा नवा हुंडेकरी. पाहायचे ते एवढेच की एकच आकडा आणि धरायला एकच माणूस, या दोन गोष्टी कोण देतो.

आधी जुन्या पद्धतीकडे पाहू. एजंटाकडे स्वतःच्या गाड्या असतातच असे नाही. त्याच्याकडे असते ओळख. कोणती गाडी रिकामी आहे, कोणता ड्रायव्हर कसारा घाटात रात्री झोपत नाही, कुणाचे टायर गुळगुळीत झाले आहेत, कोणत्या गोदामात उतरवायला दोन दिवस ताटकळावे लागते, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. मालवाल्याकडून तो एक भाडे घेतो, गाडीवाल्याला दुसरे देतो, मधला फरक त्याचा. हा फरक किती, ते तो कुणालाच सांगत नाही, आणि खरी तक्रार इथेच आहे. मालवाल्याला वाटते गाडीवाल्याने लुटले, गाडीवाल्याला वाटते मालवाला कंजूष आहे.

भिवंडीला एवढी गोदामे का झाली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मुंबईत माल नेला की जकात पडायची. भिवंडीच्या आसपासची माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर ही गावे जकातीच्या हद्दीबाहेरची आणि हमरस्त्याला लागून. तिथे माल उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. घरबसल्या मोबाइलवर मागवलेल्या कपड्यांपासून भांड्यांपर्यंतचा माल आज तिथूनच सुटतो. भातशेती होती तिथे आता पत्र्यांची छपरे आहेत. जमीन विकलेल्यांनी बंगले बांधले, पण त्यांच्या पोरांना त्याच गोदामांत कोणते काम मिळाले, यावर कुणीतरी एकदा लिहायला हवे. असो.

सांगायचा मुद्दा असा की नाशिककडून कांदा, भाजी घेऊन आलेली गाडी परत रिकामी गेली तर दोन्ही बाजूंचे डिझेल आपल्या भाड्यावर चढते. परतीचा माल मिळाला तर भाडे उतरते. एजंटाची सगळी कमाई या परतीच्या मालाच्या बातमीवर आहे. आणि ॲपवाल्या कंपन्या निघाल्या त्याही हेच काम यंत्राने करण्यासाठी. बंगळूरची ब्लॅकबक ही कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली. लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्याला फोनवर दिसते की कुठून कुठे माल आहे. पोर्टरसारखी ॲप शहरातल्या लहान गाड्यांची. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घर बदलणारी माणसे, दुकानदार, कारखानदार ती सर्रास वापरतात. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो तो टाटाचा टेम्पो २००५ मध्ये आला आणि गल्लीबोळात माल पोचू लागला. या ॲपनी त्या छोट्या हत्तीला फोनशी बांधले, असे म्हटले तरी चालेल.

काम चालते ते असे. फोनवर माल कुठून उचलायचा आणि कुठे टाकायचा ते दाखवायचे, गाडीचा आकार निवडायचा, की भाड्याचा आकडा समोर येतो. मान्य केले की जवळ असलेल्या गाडीवाल्याला निरोप जातो. त्याचे नाव, गाडीचा नंबर, फोन आपल्याला दिसतो. गाडी नकाशावर सरकताना दिसते. पैसे फोनवरून किंवा रोख. चढवण्या-उतरवण्यासाठी ठरावीक वेळ दिलेला असतो, त्याच्यावर वेळ गेला की जादा आकार सुरू. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

या पद्धतीत एक गोष्ट निःसंशय चांगली आहे, आणि ती म्हणजे भाडे आधी कळते. दारात आलेल्या गाडीवाल्याशी अर्धा तास घासाघीस नाही, आणि माल भरून झाल्यावर अमुक जादा द्या असे म्हणायला जागा कमी. ज्या घरात कर्ता पुरुष नाही, बाईच शेती पाहते, तिला तर याचा फार उपयोग. तिच्यापुढे एकच आकडा, तोच सगळ्यांना. नाक्यावर उभे राहून पाच पुरुषांत भाडे ठरवण्यापेक्षा हे बरे, असे मला तरी वाटते.

पण आता आपल्या गावच्या टेम्पोकडे या. तो काय करतो, हे शहरातल्या कंपनीला नीट कळलेले नाही. तो एकट्याचा माल नेत नाही. या वस्तीवरून आठ क्रेट, त्या वाडीवरून तीन गोण्या, पुढच्या फाट्यावर फुलांच्या दोन पाट्या, असे करत गाडी भरतो. क्रेटमागे भाडे. तुमचे बारा क्रेट असोत की दोन, गाडी येते. ॲपवरची गाडी मात्र अख्खी तुमच्या नावावर असते, रिकामी जागा धरून.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. पंधरा किलोचे १२ क्रेट, म्हणजे १८० किलो भेंडी. गावचा टेम्पो क्रेटला ४० रुपये घेतो, झाले ४८० रुपये. ॲपवरच्या पिकअपचे वाशीपर्यंतचे भाडे २,६०० रुपये धरा. १२ क्रेटला तर ते परवडायचे नावच नाही. ४० च्या भावाने २,६०० रुपये व्हायला ६५ क्रेट लागतात. म्हणजे वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एका दिवशी तोडा केला, तरच दोन्ही भाडी बरोबरीला येतात. तेव्हा वाशीला रोज जाणाऱ्या मालासाठी मुलाचे म्हणणे चालणारे नाही, हे त्याने आजच मान्य करावे.

दुसरी गोष्ट पैशाची. गावच्या टेम्पोवाल्याला निघताना तुम्ही किती देता? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. तो माल अडत्याच्या गाळ्यावर टाकतो, माल विकला जातो, पट्टी होते, आणि त्या पट्टीतून भाडे वळते होऊन उरलेले तुमच्या हाती येते. घरात रोख नसली तरी माल बाजारात पोचतो. ॲपला हे जमत नाही. माल विकला, न विकला, भेंडीचा भाव पडला, फेकून द्यावी लागली, तरी गाडी उतरली की पैसे मोजायचे. टेम्पोवाला खरे पाहता दर फेरीला तुम्हाला दोन-चार दिवसांचे बिनव्याजी कर्ज देत असतो. सासऱ्यांना हे माहीत आहे, फक्त त्यांना ते असे शब्दांत मांडता येत नसेल.

आणि या उधारीची किंमतही आपण मोजतो, हेही सांगितले पाहिजे. टेम्पो अडत्याच्या ओळखीचा, अडता टेम्पोच्या ओळखीचा, म्हणून माल त्याच गाळ्यावर जातो. शेजारच्या गाळ्यावर किलोला तीन रुपये जास्त मिळाले असते काय, हे कळायला वाव नाही. पट्टीत भाडे किती कापले, वाराई किती, हमाली किती, हे वाचून पाहणारी घरे फार थोडी. बाकी काही करायचे नसेल तर निदान एक करा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला दर पट्टी एका वहीत उतरवायला सांगा. तारीख, क्रेट, वजन, भाव, भाडे, इतर कपात, हातात आलेली रक्कम. तीन महिन्यांनी ती वही उघडा. आमच्या पाहण्यात असे घर आहे की तिथे एकाच महिन्यात एकाच वाटेचे क्रेटमागे भाडे तीन वेगळ्या दरांनी कापलेले निघाले, आणि कुणी फसवले असेही नव्हते, मुनिमाने जसे आठवेल तसे लिहिले होते.

बाजाराच्या आत काय होते, तिथे ॲपचा हात पोचत नाही. मुंबईच्या भाजी-फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला आला. तिथे माल उतरवण्याचे काम माथाडी कामगारांचे. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी या कष्टकऱ्यांना संघटित केले, तेव्हापासून त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याला काही मोल आले. परक्या गाडीचा नवखा ड्रायव्हर रात्री दोनला वाशीच्या फाटकाशी उभा राहिला, तर कोणत्या रांगेत लागायचे, कोणत्या गाळ्यासमोर गाडी लावायची, इथून त्याची सुरुवात. तो ताटकळतो आणि जादा वेळाचा आकार तुमच्या नावावर वाढत जातो. रोजच्या टेम्पोवाल्याला फाटकावरचा माणूससुद्धा नावाने ओळखतो.

आता मुलाच्या बाजूने बोलू, कारण त्याचीही बाजू आहे. जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे. आवाराबाहेर, थेट गिऱ्हाइकाला विकायला कायद्याची आडकाठी नाही. ठाणे, डोंबिवलीत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरतात. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा बाजार काही काळ बंद राहिला, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी पिशव्या भरून सोसायट्यांच्या फाटकात माल दिला. केंद्र सरकारने १७ एप्रिल २०२० ला किसान रथ नावाचे ॲप काढले, शेतकऱ्याला मालासाठी गाडी मिळावी म्हणून. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या लोकांना घरपोच ताजी भाजी घ्यायची सवय त्या वर्षात लागली, ती पुष्कळ ठिकाणी टिकली.

याचाही हिशेब करू. तीच १८० किलो भेंडी. बाजारात वाराई-हमाली जाऊन किलोला ३० रुपये पडले तर ५,४०० रुपये, त्यातून भाडे ४८० गेले, हाती ४,९२०. डोंबिवलीच्या सोसायटीत ५० रुपयांनी विकली, पण २० किलो उरली आणि तिचे काही आले नाही. १६० किलोचे ८,००० रुपये. ॲपवरच्या छोट्या हत्तीचे भाडे १,८०० धरा. हाती ६,२००. म्हणजे १,२८० रुपये जास्त. मुलगा खूश होईल. पण दोन माणसे दिवसभर तिथे उभी राहिली, त्यांची ५०० प्रमाणे १,००० रुपये मजुरी धरली की उरतात २८०. घरच्या माणसाच्या कष्टाची मजुरी आपण धरत नाही, म्हणून तर शेतीचा हिशेब कधी खरा निघत नाही.

मात्र तीच गाडी शेजारच्या दोन घरांबरोबर वाटून घेतली, एकाची भेंडी, एकाची काकडी आणि कारली, एकाचा तांदूळ आणि बचत गटाचे पापड, तर प्रत्येकाच्या वाट्याला भाडे ६०० येते. १,८०० ऐवजी ६००, म्हणजे प्रत्येकाचे १,२०० वाचले. शिवाय गिऱ्हाईक एकटी भेंडी घ्यायला खाली उतरत नाही, चार प्रकार असले तर उतरते. इथे ॲपची गाडी खरी उपयोगाची: एका वेळची फेरी, अख्खी गाडी भरेल एवढा माल, ठरलेला पत्ता, आणि रोख विक्री.

वेळेचे मात्र नीट पाहा. मुरबाडहून कल्याण साधारण ३० किलोमीटर, पण कल्याणच्या वेशीत शिरल्यावरचे चार-पाच किलोमीटर कधी त्या तिसापेक्षा जड जातात. पत्रीपुलाचेच उदाहरण घ्या. ब्रिटिशांच्या वेळचा जुना पूल २०१८ मध्ये पाडला, नवा २५ जानेवारी २०२१ ला सुरू झाला. मधली दोन-अडीच वर्षे कल्याण-शीळ मार्गावरच्या कोंडीत किती भाजी कोमेजली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ठाण्यात अवजड गाड्यांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंदी असते, आणि तिचे तास वाहतूक पोलिसांच्या आदेशाप्रमाणे बदलत असतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. नागपूरहून निघालेली गाडी ७०१ किलोमीटर सरळ येऊन भिवंडी तालुक्यात उतरते, आणि तिथून ठाण्याची नेहमीची कोंडी सुरू. मोबाइलवर गाडी कुठे अडकली ते दिसते हे खरे, पण दिसल्याने ती सुटत नाही. जुना ड्रायव्हर मात्र बारवी धरणाच्या बाजूने बदलापूरला निघावे की शीळफाट्याने, हे आपल्या डोक्याने ठरवतो.

आता ज्या गोष्टीकडे कुणी पाहत नाही, ती. माल हरवला, भिजला, गाडी उलटली, तर कोण धरायचा? आपल्याकडे १८६५ चा जुना कायदा होता, त्याच्या जागी रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आला आणि मार्च २०११ पासून लागू झाला. लोकांचा माल भाड्याने नेणाऱ्या वाहतूकदाराने नोंदणी करायची, आणि त्यात एजंट, दलाल, माल बुक करणारी कंपनी हेही येतात. माल घेताना त्याने पावती, म्हणजे आपली बिल्टी, द्यायची. नुकसानीची भरपाई मात्र भाड्याच्या दहापटीपर्यंतच, जर तुम्ही मालाची जास्त किंमत लिहून देऊन जादा आकार भरला नसेल तर. म्हणजे ४८० रुपये भाड्याच्या मालाची भरपाई ४,८०० च्या वर नाही. आणि दावा करायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तक्रार, दहा फोन, मध्यस्थी, यांत सहा महिने निघून जातात आणि मग वकील हात वर करतो.

गावच्या टेम्पोवाल्याकडे बिल्टी नसते. त्याच्याकडे असते वही, कधी तीही नसते. नुकसान झाले तर तो अर्धे भाडे सोडतो, पुढच्या फेरीला समजून घेतो, चारचौघांत मान खाली घालतो. त्याला त्याच गावात राहायचे असते, हीच त्याची हमी. ॲपच्या बाबतीत कागद पुष्कळ, सगळा फोनमध्ये. पण अनेक ॲपच्या अटी वाचल्या तर कंपनी सांगते की आम्ही फक्त गाडीवाल्याची आणि तुमची गाठ घालून देतो. त्या अटी बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत असतात. ज्या घरात इंग्रजी वाचणारे मूल आहे, तिथे त्याने गाडी बोलावण्याआधी एवढा एक भाग मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सगळ्यांना सांगावा. विमा दिला असेल तर तो कशाचा, तेही पाहावे. उशिरामुळे भाजी कोमेजली तर साधारण वाहतूक विम्यात ते बसत नाही. अपघात, आग, चोरी, एवढ्यापुरतेच बहुधा असते.

कागदांची एक भीती उगाच घातली जाते, ती काढून टाकतो. ताज्या फळभाज्यांना ई-वे बिल लागत नाही, आणि शेतमालाच्या ट्रक वाहतुकीच्या भाड्यावर वस्तू व सेवा कर माफ आहे. कुणी त्या नावाखाली जादा पैसे मागितले तर पावती मागा.

आपल्या भागातल्या काही घरांचा माल परदेशी जातो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. शहापूर-मुरबाडकडची भेंडी विमानाने आखातात आणि युरोपात जाते. नाशिकची द्राक्षे थंड पेटाऱ्यांत भरून कसारा घाट उतरतात आणि न्हावाशेवा बंदरातून बोटीने निघतात. तिथला मधला माणूस म्हणजे फॉरवर्डर: बोटीत जागा ठरवणे, कस्टमचे कागद, रोगमुक्तीचा दाखला, पलीकडे उतरवून घेणे. यातले पुष्कळ काम संगणकावर गेले आहे. २००६ मध्ये अपेडाने द्राक्षांसाठी ग्रेपनेट सुरू केले, त्यामुळे युरोपातल्या पेटीवरून ती कोणत्या बागेतली हे सांगता येते. बोटीचे भाडे घरबसल्या दाखवणाऱ्या कंपन्याही निघाल्या. पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या द्राक्ष हंगामात बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी भडकली. अशा वेळी कंपनीत ओळख असलेला, रात्री फोन उचलणारा फॉरवर्डर ज्याच्यापाशी होता त्याला त्याचे मोल कळले. सुकाळात यंत्र स्वस्त पडते, अडचणीत माणूस, असे माझे मत झाले आहे. दुसऱ्या कुणाचे वेगळे असू शकेल.

आणि मोठी ॲप कायमची असतात असेही समजू नका. अमेरिकेत सिॲटल शहरात कॉन्व्हॉय नावाची कंपनी २०१५ मध्ये निघाली. ट्रक आणि माल यांची गाठ फोनवर घालून देणारी. जगातल्या मोठमोठ्या धनवंतांनी, जेफ बेझोस आणि बिल गेट्स यांनीसुद्धा, तिच्यात पैसा घातला. माल कमी झाला, भाडी पडली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. आरंभी कमी भाडे दाखवून ओढणे आणि पाठोपाठ दर वाढवणे हेही या धंद्यात नवे नाही. तेव्हा गावातले दोन टेम्पोवाले आपण स्वस्ताईच्या मोहाने बसवले, आणि मागून कंपनीने या वाटेवर गाडी देणे बंद केले, तर सासऱ्यांची भीती खरी ठरेल. खेड्यातल्या आतल्या रस्त्यावर आजही या गाड्या सहज मिळत नाहीत. कल्याणपासून जसजसे लांब जाल तसतशी वाट पाहावी लागते, कारण परत येताना माल नाही हे त्या ड्रायव्हरलाही कळते.

जुने एजंटही काही स्वस्थ बसलेले नाहीत. भिवंडीच्या कोणत्याही ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात जा, मुनिमापुढे वहीच्या शेजारी दोन फोन असतात. व्हॉट्सॲपवर गाडीवाल्यांचे गट आहेत, त्यात रिकाम्या गाड्यांची खबर मिनिटाला येते. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा आहे, त्यामुळे गाडीने कोणता नाका किती वाजता ओलांडला याचा निरोप मालकाच्या फोनवर जातो. मग ड्रायव्हर पडघ्याला आहे की इगतपुरीच्या ढाब्यावर, यावर पूर्वीसारखे थापा मारणे कठीण झाले आहे.

तर बाईंना उत्तर. दिवसाआडचा तोडा आहे त्याच टेम्पोने जाऊ द्या, फक्त पट्ट्यांची वही सुरू करा आणि भाड्याचा दर टेम्पोवाल्याकडून एकदा बोलून पक्का करून घ्या. मुलाला सोसायटीची विक्री करू द्या, पण आधी दोन शेजारी जोडून आणि महिन्यातून दोन रविवार एवढीच. फाटकावर गाडी किती वेळ उभी राहील ते सोसायटीच्या माणसाशी आधी ठरवा, माल घरीच तोलून पिशव्या भरून न्या, म्हणजे गाडी मोकळी करून विक्री मागून चालू ठेवता येईल आणि जादा वेळाचा आकार बसणार नाही. गाडी दारात आली की तिची नंबरपाटी पिवळी आहे आणि नंबर फोनवरच्याच गाडीचा आहे हे पाहा, भरलेल्या मालाचा एक फोटो काढून ठेवा.

आणि गाडी फोनवर बोलावण्याआधी एक करून बघा. रविवारचे भाडे ॲपवर किती दाखवते ते मुलाने पाहून घ्यावे आणि सासऱ्यांनी तो आकडा आपल्या नेहमीच्या टेम्पोवाल्यापुढे ठेवावा. त्याची गाडी रात्री चालते, दिवसा ती पिंपळाखाली उभीच असते. तेवढ्या भाड्यात, कदाचित शंभर-दोनशे कमीतही, तो डोंबिवलीला यायला तयार होईल, आणि उरलेली वीस किलो भेंडी येताना कल्याणच्या बाजारात टाकूनही येईल.